नंदिनीची झोप

वैभव सोनकुसरे शहराला लागून असलेल्या वाडी गावातल्या एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात रात्रपाळीला होता. ट्रकमधून माल उतरवून घ्यायचा, बिल्ट्या म्हणजे मालाच्या पावत्या तपासायच्या, सकाळी सातला घरी यायचं आणि आल्या आल्या झोपायचं. घर म्हणजे गोदामांच्या मागच्या गल्लीतली भाड्याची एक खोली. एका भिंतीला स्वयंपाकाचा ओटा, दुसऱ्या भिंतीला लाकडी दिवाण, मधे खाली वैभवची गादी. सात ते दोन त्याला झोप मिळाली नाही, तर रात्री काम करताना चुका व्हायच्या. आणि नेमक्या त्याच वेळात तीन महिन्यांची नंदिनी रडायची.

ती जन्मापासूनच कमी झोपायची. बाळंतपण सावनेरला, रुचिकाच्या माहेरी झालं. जन्मल्यावर कावीळ वाढली म्हणून चार दिवस तिला निळ्या दिव्याखाली ठेवावं लागलं होतं. त्यानंतरचे तीन महिने माहेरच्या शांत घरात रुचिकानं तिला खांद्यावर घेऊन फेऱ्या मारण्यात घालवले. खाली ठेवली की ती रडायची. रुचिकाची आई म्हणायची, इतकं शांत घर, पाखराचाही आवाज नाही, तरी या पोरीला झोप कशी नाही.

वाडीला आल्यावर शेजारच्या मेघानं उपाय सांगितला. तिचा मुलगा दीड वर्षाचा होता.

"फोनवर आवाज मिळतात," मेघा म्हणाली. "धबधबा, पंखा, पाऊस. एकसारखे चालतात, दहा-दहा तास. उन्हाळ्यात लाइट गेली अन् कूलर बंद पडला का आपली झोप मोडते ना? तसंच आहे हे. माझ्या पोट्ट्यानं ह्याच्यावरच वर्ष काढलं."

वैभवकडे एक छोटा गोल स्पीकर होता. लग्नात मित्रांनी दिलेला. रुचिकानं तो दिवाणाच्या फळीवर, नंदिनीच्या उशाशी टेकवून ठेवला आणि फोनवरून धबधब्याचा आवाज लावला. घरघर, खळखळ, सगळं एकत्र. नंदिनीनं थोडा वेळ हातपाय हलवले. मग मूठ सैल झाली आणि ती झोपली. वैभवही झोपला. रुचिका ओट्याजवळ उभी राहून दोघांकडे बघत राहिली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिच्या हातात कोणी नव्हतं, आणि आता काय करावं हे तिला सुचेना.

त्यानंतर ते रोजचंच झालं. एका सकाळी धबधब्याच्या मधेच जाहिरात लागली. एक माणूस तारस्वरात सिमेंटचं नाव ओरडू लागला. वैभव ताडकन उठून बसला. रुचिकाच्या हातातली वाटी पडली. नंदिनी मात्र गाढ झोपलेली.

"माझ्यावर नाही गेली," वैभव हसत म्हणाला. "अंगावरून ट्रक गेला तरी उठणार नाही."

रुचिकाही हसली. पुढे तिला हा प्रसंग आठवला की त्या हसण्याचीच लाज वाटायची.

दोन महिने असे गेले. डिसेंबरात वस्तीतल्या आशा सेविका सिंधूताई बाळाला वरचं अन्न सुरू केलं का ते बघायला घरी आल्या. त्यांनी नंदिनीचं वजन घेतलं, तिला मांडीवर बसवलं आणि मग त्यांची नजर उशाशी सुरू असलेल्या स्पीकरकडे गेली.

"हे किती वेळ चालते?"

"सकाळी हे झोपतात तोवर. सहा-सात तास."

"इतका मोठा आवाज, अन् एवढ्या जवळ? तिचे कान नाजूक आहेत वं. दूर ठेव. खोलीच्या त्या टोकाला, अन् अगदी हळू. झोप लागली का बंद."

रुचिकाला ते पटलं. तिनं त्याच दिवशी स्पीकर ओट्यावरच्या मांडणीत ठेवला आणि आवाज कमी केला. नंदिनी झोपली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं आवाज थोडा वाढवला. तिसऱ्या दिवशी आणखी. चौथ्या दिवशी स्पीकर पूर्ण आवाजात सुरू होता, मेघानं भिंतीवर थाप मारून विचारलं की काय चाललंय, वैभव उशी डोक्यावर दाबून पडला होता आणि नंदिनी पाठ ताणून रडत होती.

"ठेव ना तो तिच्याजवळ," वैभव म्हणाला. "दोन महिने काही झालं नाही, आता काय होणार आहे?"

"सिंधूताई नाही म्हणाल्या."

"सिंधूताईले रात्री गोदामावर जावं लागत नाही."

ती त्याच्याशी भांडली नाही. तिला नीट विचारही करता येत नव्हता. पोळी उलटायला जायची आणि कशासाठी आलो ते विसरायची. नंदिनीला घेऊन दारापासून मोरीपर्यंत आणि मोरीपासून दारापर्यंत फिरायची, आणि थांबली तरी आपण चालतोच आहोत असं तिला वाटायचं.

आठव्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला नंदिनी दिवाणावर पडून रडत होती. मांडणीवरचा धबधबा जोरात सुरू होता. रुचिका तांदूळ निवडत होती. तिचा फोन नंदिनीशेजारी गोधडीवर पडला होता. आवाज बंद करून तो फक्त थरथरेल असा ठेवलेला, कारण वैभव झोपला होता. तेवढ्यात उमरेडहून सासूचा फोन आला. तुळजाबाई एकदा लावून थांबणाऱ्या नव्हत्या. फोन थरथरला, थांबला, पुन्हा थरथरला.

नंदिनी रडायची थांबली. तिनं मान वळवली आणि फोनकडे पाहिलं.

रुचिकानं हातातलं ताट खाली ठेवलं. फोन थांबला तशी नंदिनी पुन्हा कुरकुरली. पुन्हा थरथरला, पुन्हा गप्प झाली, आणि यावेळी तिनं गोधडीवर पंजा पसरला. दिवाणाच्या फळीला टेकलेला स्पीकरही असाच थरथरायचा, रुचिकाच्या मनात आलं.

रुचिका उठली आणि तिनं धबधबा बंद केला. खोली एकदम रिकामी झाल्यासारखी वाटली. झोपेतल्या वैभवनं कूस बदलली. नंदिनीच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही. रुचिकानं पुन्हा पूर्ण आवाजात लावला, पुन्हा बंद केला. नंदिनी स्वतःच्या पायाचा अंगठा पकडायला बघत होती.

"नंदू," रुचिकानं मागून हाक मारली. मग मोठ्यानं, "नंदिनी."

तिनं नंदिनीला दिवाणावर, पाठीला उशी देऊन, भिंतीकडे तोंड करून बसवलं. हातात प्लॅस्टिकचा चमचा दिला. स्वतः मागे ओट्यापर्यंत गेली. एक स्टीलचं ताट उचललं, पळी घेतली. वैभव झोपला आहे हे तिच्या लक्षात होतं, म्हणून पहिल्यांदा तिनं हळूच वाजवलं. मग जरा जोरात. मग हात उचलून जीव खाऊन हाणली.

वैभव ओरडतच उठला. "काय करून राहिली तू? डोकं फिरलं का तुझं?"

"तिच्याकडं पाहा," रुचिका म्हणाली.

"काय पाहू?"

तिनं पुन्हा ताट वाजवलं. वैभवनं कानावर हात ठेवले. नंदिनी चमच्याचं कोणतं टोक तोंडात घालावं याच्या नादात होती. तिची मानसुद्धा हलली नाही.

वैभव गादीवरून उठला. तो नंदिनीच्या मागे गेला, तिच्या कानाजवळ टाळ्या वाजवल्या, एका बाजूनं, मग दुसऱ्या बाजूनं. तिच्या नावानं हाक मारली. शिट्टी वाजवली. शेवटी तो वाकून तिच्या समोर आला तेव्हा नंदिनीनं त्याला पाहिलं आणि ती तोंडभर हसली.

"तिले ऐकू नाही येऊन राहिलं," रुचिका म्हणाली. ते मोठ्यानं बोलल्यावर ती ओट्याला टेकून खाली बसली.

तीच सिंधूताईंकडे गेली. सिंधूताईंनी चार फोन केले आणि शहरातल्या मोठ्या दवाखान्यात कानाच्या तपासणीची तारीख मिळवून दिली. बारा दिवसांनंतरची.

त्या बारा दिवसांत तुळजाबाई उमरेडहून येऊन राहिल्या. त्या साठीच्या होत्या. तरुणपणापासून हातमागावर लुगडी विणलेली, पाय अजूनही काटक. वैभवच्या लहानपणीच नवरा गेला, तेव्हा त्याच मागावर त्यांनी घर चालवलं होतं. दारातच त्यांनी नातीला उचललं, तिच्या दोन्ही कानांवरून हात फिरवला आणि सुनेकडे न बघता म्हणाल्या, "तो डबा कानापाशी लावून ठेवला. पडदे फाटले असतील लेकराचे."

"आई, अजून काही कळलं नाही," वैभव म्हणाला.

"कळाचं काय राहिलं? आमच्या वक्ती होते का असे डबे?"

रुचिकाचंही तेच मत होतं. रोज सहा-सात तास, दोन महिने. भांडी घासताना, कपडे पिळताना ती तो हिशेब पुन्हा पुन्हा करायची. आपल्याला चार घटका उसंत मिळावी म्हणून आपण पोरीचे कान घालवले. एका दुपारी सासू अंगणात असताना तिनं स्पीकर स्वतःच्या कानाला लावला आणि धबधबा पूर्ण मोठा केला. कान दुखायला लागला तरी काढला नाही. तुळजाबाईंनी आत येऊन पाहिलं. पुढे होऊन त्यांनी स्पीकर तिच्या हातातून काढून घेतला आणि कपाटात कपड्यांखाली ठेवला.

वैभव सकाळी येऊन गादीवर पडायचा, पण त्याला झोप लागत नव्हती. आता खोलीत कोणी आवाज केला तरी तो रागावायचा नाही. एकदा रुचिकानं पाहिलं, तो पडल्या पडल्या हळूच चुटक्या वाजवत होता आणि नंदिनीकडे बघत होता.

तपासणीच्या दिवशी सूचना अशी होती की मुलीला सकाळपासून झोपू द्यायचं नाही. ही तपासणी मूल गाढ झोपेत असतानाच होते. डोक्याला तारा लावतात, कानात आवाज सोडतात आणि तो मेंदूपर्यंत पोचतो का ते यंत्रावर दिसतं. मूल जरा हललं तरी सगळं बिघडतं.

रुचिकाला ते ऐकून हसू की रडू असं झालं. या मुलीला जागं ठेवणं काहीच अवघड नव्हतं.

वैभवनं रात्रीच्या पाळीला सुट्टी घेतली होती. पहाटे पाचपासून तिघांनी नंदिनीला जागं ठेवलं. ओल्या फडक्यानं तोंड पुसलं, गल्लीतल्या बकऱ्या दाखवल्या. नऊ वाजता तुळजाबाई ऑटोनं पुढे निघाल्या आणि वैभव, रुचिका, नंदिनी गाडीवर. अमरावती रोडला लागले नाहीत तोच नंदिनीनं आईच्या छातीवर मान टाकली. रुचिकानं तिचे गाल थोपटले, पाय ओढले, वैभवला गाडी थांबवायला लावली. थांबली की नंदिनी डोळे उघडायची, सुरू झाली की मिटायची. दवाखान्यात पोचेपर्यंत तिची अर्धा तास झोप झाली होती. आणि पायऱ्या चढताना ती टक्क जागी झाली.

तपासणीची खोली लहान होती. जाड दार, भिंतींना स्पंजसारखं काहीतरी लावलेलं. दार लागलं की बाहेरचा दवाखाना नाहीसा व्हायचा. तपासणाऱ्या मॅडम तिशीच्या आतल्या होत्या. त्यांनी नंदिनीच्या कपाळावर आणि कानांमागे चिकटपट्ट्या लावल्या आणि म्हणाल्या, "आता झोपवा तिला."

रुचिकानं दूध पाजलं. खांद्यावर घेतलं. थोपटलं. अंगाई म्हणायला लागली आणि मधेच थांबली, कारण आपण ती कोणासाठी म्हणतोय हे तिला कळेना. तासभर गेला. नंदिनी चिकटपट्ट्या ओढायला बघत होती आणि ओढू दिल्या नाहीत की रडत होती. वैभव दाराबाहेर येरझारा घालत होता. बाहेर आणखी तीन मुलं थांबली होती.

"अजून अर्धा तास बघू," मॅडम म्हणाल्या. "नाही झोपली तर डॉक्टरांना विचारून झोपेचं औषध द्यावं लागेल. घाबरू नका, बऱ्याच मुलांना लागतं."

रुचिकानं दार उघडून तुळजाबाईंना आत बोलावलं.

"आई, माझ्यानं नाही होऊन राहिलं."

तुळजाबाईंनी खोलीभर नजर फिरवली. पलंगाकडे त्या गेल्याच नाहीत. चप्पल बाहेर काढून भिंतीला पाठ टेकून जमिनीवर बसल्या, पाय लांब केले आणि नंदिनीला नडग्यांवर आडवी घेतली. मग त्यांचे पाय हलायला लागले. एक खाली, एक वर, मागाच्या पावड्या दाबाव्यात तसे, न थांबता, न बदलता. वैभवला त्यांनी असंच झोपवलं होतं. माग चालू आणि पोरगा मांडीवर. आता मागही नव्हता आणि खटखटही नव्हती. फक्त पाय हलत होते.

नंदिनी दोन-तीनदा कण्हली. तिनं आजीच्या लुगड्याचा काठ मुठीत धरला. मग डोळे जड झाले.

"अजून थांबा," तुळजाबाई मॅडमना हळूच म्हणाल्या. "आत्ता उचलली तर उठंल." त्या आणखी दहा मिनिटं पाय हलवत राहिल्या. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. मग पाय हळूहळू मंद करत थांबवले आणि मॅडमना खूण केली. मॅडमनी तिथेच, जमिनीवर बसून तारा जोडल्या.

पाऊण तास कोणीही हललं नाही. रुचिका यंत्राच्या पडद्याकडे बघत होती. तिला त्यातलं काही कळत नव्हतं, पण मॅडम आवाज वाढवत आहेत हे आकड्यांवरून दिसत होतं. आकडा वाढायचा आणि रेघ तशीच सपाट राहायची. पुन्हा वाढायचा. रुचिका मनातल्या मनात त्या रेघेला विनवत होती. अगदी शेवटी, सगळ्यात मोठ्या आकड्यांना, एका कानाच्या रेघेत बारीकसा उंचवटा दिसला.

नंतर मॅडमनी तिघांना बसवून घेतलं. दोन्ही कानांचं ऐकणं खूप कमी आहे, त्यांनी सांगितलं. उजव्या कानात थोडं आहे, डाव्यात जवळजवळ नाही. आधी कानाला लावायचं यंत्र द्यायचं, तीन महिने बघायचं, त्यानं भागलं नाही तर ऑपरेशनचा विचार करायचा.

रुचिकानं बारा दिवस मनात धरलेला प्रश्न विचारला. "स्पीकरमुळे झालं का?"

"कधीपासून लावत होतात?"

"चौथ्या महिन्यापासून. दोन महिने. अगदी उशाशी."

मॅडमनी जन्माचे कागद पुन्हा चाळले. काविळीच्या आकड्यापाशी त्यांचं बोट थांबलं. "इतक्या जवळ लावायला नको होतं, ते खरं आहे. कोणत्याच बाळाला लावू नये. पण एवढं ऐकणं त्यानं जात नाही. कारण शंभर टक्के सांगता येणार नाही. हे बहुतेक जन्मापासूनचं आहे. काविळीनं होऊ शकतं. जन्मल्यावर कानांची तपासणी झाली होती का?"

"नाही," वैभव म्हणाला. "कोणी सांगितलंच नाही."

"तुम्हाला सहाव्या महिन्यातच लक्षात आलं. माझ्याकडे तीन वर्षांची मुलं येतात."

रुचिकाला वाटलं होतं, आपला दोष नाही हे कळलं की हलकं वाटेल. तसं झालं नाही. सावनेरच्या घरातले ते तीन महिने तिच्यासमोर आले. आई इकडून हाक मारतेय, मावशी खुळखुळा वाजवतेय, आणि पोरगी त्या सगळ्यांत रडतेय. आपण तिच्याशी किती बोललो आणि तिच्यापर्यंत त्यातलं काहीच गेलं नाही.

दवाखान्याच्या बाहेर चहाच्या टपरीजवळ तुळजाबाईंचा फोन वाजला. उमरेडहून नणंदेचा, अंजनाबाईंचा होता. तुळजाबाईंनी रुचिकाच्या शेजारीच उभं राहून तो घेतला.

"हो, झाली तपासणी," त्या म्हणाल्या. "जन्मापासूनच तसं हाय म्हणते. काविळीनं झालं असंल. नाही, नाही, त्या डब्याचं काही नाही. मीच उगाच बोलून राहिली होती." थोडा वेळ पलीकडचं ऐकून त्या पुन्हा म्हणाल्या, "मायनंच वळखलं म्हटलं. डाक्टरच्या आधी."

फोन ठेवून त्यांनी नातीला रुचिकाच्या हातातून घेतलं. "तू चहा घे वं. सकाळपासून तोंडात काही नाही तुझ्या."

यंत्रं यायला महिना लागला. आधी कानाचे साचे घेतले, मग ते लहान पडले म्हणून पुन्हा घेतले. फेब्रुवारीत एका दुपारी मॅडमनी ती नंदिनीच्या कानांवर बसवली आणि सुरू केली. नंदिनी हात हलवायची थांबली. मॅडमनी मागून टाळी वाजवली तेव्हा तिची पापणी लवली, आणि मग ती इतकी जोरात रडली की रुचिकाला यंत्रं बंद करावीशी वाटली.

"रडू द्या," मॅडम म्हणाल्या. "नवीन आहे तिला. झोपताना काढायची, बाकी दिवसभर लावायची. आणि तिच्याशी बोलायचं. काय करताय, हातात काय आहे, सगळं. तिच्या तोंडासमोर येऊन."

वैभवनं दिवसपाळी मागून घेतली. तुळजाबाई महिनाभर राहून उमरेडला गेल्या. खोलीत दिवसभर रुचिका आणि नंदिनी. रुचिका मुळात कमी बोलणारी. पहिल्या दिवशी तासाभरात तिच्याकडचं बोलणं संपलं. मग ती दिसेल त्याचं नाव घ्यायला लागली. संध्याकाळपर्यंत घसा बसला.

ऐकू किती येतं, हे तिला अजून कळत नव्हतं. एखाद्या दिवशी कुकरची शिट्टी झाली की नंदिनी दचकायची, दुसऱ्या दिवशी अजिबात नाही. नंदिनी कशाला दचकली ते रुचिका वहीत टिपायची, मग वही बाजूला टाकायची, मग पुन्हा घ्यायची. मे महिन्यात पुन्हा तपासणी होती. तोवर तिला चैन पडणार नव्हतं, हे तिला ठाऊक होतं.

"हा कांदा," एका सकाळी ती ओट्यापाशी नंदिनीला समोर बसवून सांगत होती. "आता मी याचं साल काढून राहिली. पाह्य, लाल आहे. आता चिरून राहिली. डोळ्यात पाणी येते त्याच्यानं."

नंदिनी तिच्या ओठांकडे टक लावून बघत होती. मग तिनं हात वर नेला, उजव्या कानावरचं यंत्र ओढून काढलं आणि तोंडात घातलं. त्या सकाळचं सातव्यांदा. रुचिकानं ते तिच्या मुठीतून सोडवलं, पदराला पुसलं, साचा कानात नीट बसवला आणि पुन्हा कांदा हातात घेतला.

"डोळ्यात पाणी येते," ती म्हणाली. "मग धुऊन टाकाचं."